साडेनऊ बोटं

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. १९७७ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी पॉवर प्रेसवर वॉशर पाडायला होतो. पट्टी पुढं सरकवायची, पायानं पेडल मारायचं, पंच खाली येतो, वॉशर पडतो, परत पट्टी. दिवसभर तेच. एकदा पाय आधी गेला आणि बोट मागं राहिलं, एवढंच. मालक म्हणाले, तुझंच लक्ष नव्हतं. खरं होतं, पण प्रेसला गार्ड नव्हता हेही खरं होतं. आमच्या मिस्त्रींनी घरी जाऊन आईला सांगितलं, पोरगा वाघ आहे, रडला नाही. हे मात्र साफ खोटं.

त्यानंतर हात लपवायची सवयच लागली. फोटो काढताना उजवा हात मागं. मुलगी बघायला गेलो तेव्हा समोर पोह्यांची बशी आली. डाव्या हातानं खायचे तर वाईट दिसतं, उजव्यानं खायचे तर बोट दिसतं. म्हटलं, नको, पोट भरलंय. आमची ही अजून सांगते, की बोट तिनं चप्पल काढतानाच बघितलं होतं. राग आला तो पोह्यांना नाही म्हटल्याचा. पहाटे उठून केले होते म्हणे.

पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच एका बोटाबद्दल. ली व्हॅन क्लीफच्या.

नाव ऐकलं नसेल तर चेहरा नक्की बघितला असेल. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला 'बॅड'. बारीक, तिरके डोळे, घारीच्या चोचीसारखं नाक, पातळ मिशी, तोंडात पाइप. क्लिंट ईस्टवुड सगळ्यांना माहीत असतो. आमच्या कंपूत मात्र ह्याचं कौतुक जास्त. त्याला आम्ही 'घार' म्हणायचो, कारण खरं नाव वाचता यायचं नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी आयटीआयला होतो, बोटं शाबूत होती. सकाळचा मॅटिनी. आमच्याकडं इंग्रजी पिक्चरची प्रिंट यायची ती चार गावं फिरून, घासून. पडद्यावर कायम पाऊस पडत असायचा. आम्हा पाच जणांत इंग्रजी कळणारा एकही नव्हता, आणि त्या पिक्चरला ते लागतही नव्हतं. सुरुवातीची जवळजवळ दहा मिनिटं कुणी अवाक्षर बोलत नाही. फक्त वारा, घोड्याच्या टापा, आणि चेहरे. आमच्यातला एक जण म्हणाला, हे बेस्ट आहे, हे तर मराठीच आहे.

त्या दहा मिनिटांत व्हॅन क्लीफ येतो. लांबून घोड्यावर एक माणूस येताना दिसतो. विहिरीवर खेचर गोल फिरतंय, त्यावर बसलेलं पोरगं ते बघून आत पळतं. घरचा मालक जेवायला बसलाय. बायकोपोरांना तो आतल्या खोलीत घालवतो. पाहुणा दारात उभा राहतो, सावकाश आत येतो, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो, आणि न विचारता वाढून घेतो. मग जेवतो. ब्रेड छातीशी धरून सुरीनं कापतो. लाकडी चमचा तोंडाकडं नेतो, पण नजर समोरच्यावर. समोरचाही खायचं नाटक करतोय, कारण त्याला कळलंय हा कशाला आलाय. मी पुढं आयुष्यात पुष्कळ मारामाऱ्यांचे पिक्चर बघितले, पण एक माणूस नुसता जेवतोय आणि आपल्या घशाला कोरड पडलीय, असं पुन्हा झालं नाही. नंतर दोघांत बोलणं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ज्यानं ह्याला पाठवलंय त्याच्यापेक्षा जास्त पैसे तो घरमालक पुढं ठेवतो, हजार डॉलर. हा घेतो. पण आधीच्याचे पैसे घेतलेत, तेव्हा ते काम पुरं करायलाच हवं, म्हणून घरमालकाला मारतो. मग आधीच्याकडं जातो आणि घरमालकाचं काम पुरं करायचं म्हणून त्याला उशीखाली मारतो. धंद्यात चोख!

आता माणूस कोण होता ते सांगतो.

जन्म ९ जानेवारी १९२५, न्यू जर्सीतल्या समरविल गावी. डच मुळाचं घराणं. घोडे, वाळवंट, काउबॉय यांच्याशी काडीचा संबंध नाही. न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कला चिकटलेलं राज्य. १९४२ साली, सतराव्या वर्षी, पोरगा नौदलात गेला. पाणसुरुंग काढणाऱ्या 'इन्क्रेडिबल' नावाच्या जहाजावर तो सोनारवर होता. सोनार म्हणजे पाण्याखाली आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का हे कान देऊन ऐकत बसायचं. तासन् तास. बोलायचं नाही, हलायचं नाही, ऐकायचं. मी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते जेवण आठवलं. पडद्यावर हा माणूस समोरच्याचं बोलणं ज्या पद्धतीनं ऐकतो, ती काही नाटकात शिकलेली वाटत नाही.

लढाईनंतर काही काळ कचेरीत हिशेबाचं काम केलं. मग गावच्या हौशी नाटकमंडळीत शिरला. तिथून धंदेवाईक नाटकात, 'मिस्टर रॉबर्ट्स'च्या दौऱ्यात. लॉस एंजेलिसच्या प्रयोगाला निर्माता स्टॅन्ली क्रेमर आला होता. त्याच्या हातात तेव्हा 'हाय नून' होता. गॅरी कूपर नायक, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. क्रेमरनं व्हॅन क्लीफला डेप्युटीची भूमिका देऊ केली, म्हणजे नायकाच्या खालोखालच्या माणसाची. फक्त एक अट घातली: ते नाक जरा दुरुस्त करून घे.

हा नाही म्हणाला.

सव्वीस वर्षांचा पोरगा, पहिला सिनेमा, तोही असा, आणि नाकासाठी नकार. आमच्याकडं म्हणतात, नाक कापलं गेलं. ह्यानं कापू दिलं नाही. डेप्युटीची भूमिका लॉइड ब्रिजेसला गेली आणि व्हॅन क्लीफला मिळाला जॅक कोल्बी, गुंडांच्या टोळीतला एक. पूर्ण सिनेमात एक वाक्य नाही. १९५२ साली 'हाय नून' लागला. पण गंमत बघा, पडदा उघडतो तेव्हा दिसणारा पहिला माणूस हाच. झाडापाशी सिगारेट ओढत साथीदारांची वाट बघतोय. पुढं तिघं गुंड स्टेशनवर बाराच्या गाडीची वाट बघत बसतात, तेव्हा हा माउथऑर्गन वाजवतो. शेवटी तबेल्यात कूपरच्या गोळीनं मरतो. न बोलता आला, वाजवून गेला.

मग दहा वर्षं मरण्याचाच धंदा. कोरियन युद्धानंतरच्या त्या काळात अमेरिकेत घोड्यांचे पिक्चर आणि टीव्हीवरच्या घोड्यांच्या मालिका यांचा पूर आलेला होता, त्या सगळ्यांना रोज मारायला माणसं लागायची. 'गनफाइट अ‍ॅट द ओ. के. कोरल'मध्ये तो पहिल्याच भागात कर्क डग्लसच्या चाकूनं जातो. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये खलनायकाच्या मागं उभं राहायचं काम. मधूनच एखादा राक्षसपट: 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स'मध्ये जत्रेतल्या उंच पाळण्याच्या गाडीवर चढून तो त्या भल्याथोरल्या प्राण्याला मारतो. एवढाच काय तो वर बसून दुसऱ्याला मारायचा मान. बाकी खाली पडायचं. ही यादी लांबवत नाही. कारखान्यात कॅज्युअलवर राहिलेल्या माणसाचे दहा वर्षांचे हजेरीपट कसे वाचायचे?

१९५८ साली मोटारचा अपघात झाला आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता घोड्यावर बसणं विसर. हा काही महिन्यांत परत बसला, पण दुखणं कायमचं लागलं. घोड्यावरच्या पिक्चरवर पोट असलेल्या माणसाचा गुडघा गेला म्हणजे लेथवरच्या टर्नरचा डोळाच गेला. कामं आटत गेली. तो चित्रं काढायला लागला आणि ती विकायलाही लागला. कोल्हापूरकराला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. आमचे बाबूराव आधी पेंटर, मग सिनेमावाले. चंद्रकांत मांडऱ्यांची चित्रं बघायची असतील तर राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे. नट चित्र काढतो हे आम्हाला नैसर्गिक वाटतं. पण ते हौसेनं काढणं वेगळं आणि फोनचं बिल थकलंय म्हणून काढणं वेगळं. ह्याचं दुसरं होतं.

आणि बोट? ते कुठल्याही सिनेमात गेलं नाही. बंदुकीनंही नाही, घोड्यानंही नाही. लेकीसाठी खेळघर बांधत होता, त्यात उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. पडद्यावर शेकडो वेळा मेलेल्या माणसाला खरी जखम झाली ती भातुकलीच्या घरापायी!

१९६५ साली इटलीतून दिग्दर्शक सर्जिओ लिओने आला. त्याचा आधीचा सिनेमा युरोपात धो धो चालला होता आणि आता पुढच्याला ईस्टवुडच्या जोडीला त्याला एक थोराड माणूस हवा होता, कर्नल मॉर्टिमर. हेन्री फोंडा, ली मार्विन अशी नावं घेऊन झाली होती. ती जमली नाहीत. तेव्हा लिओनेला 'हाय नून'मधला तो न बोलणारा आठवला. नाक आठवलं, असं मी म्हणतो. तेच नाक सरळ करून घेतलं असतं तर तेरा वर्षांनी कुणाला काय आठवणार होतं? लिओने सांगायचा, की लांबून येताना बघितला आणि तिथंच ठरवलं, बोलायचीही गरज वाटली नाही. व्हॅन क्लीफची स्वतःची हकीकत जास्त साधी आहे: गेलो, काम केलं, फोनचं बिल भरलं. वर्षभरानं परत बोलावलं. पहिल्या खेपेला सतरा हजार डॉलर, दुसऱ्या खेपेला लाखाच्या वर. मी हा हिशेब आमच्या युनियनच्या एका जुन्या माणसाला सांगितला, तर तो म्हणाला, एवढी वाढ कुठल्या करारात मिळाली नाही बाबा.

'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला मॉर्टिमर हा माझा सगळ्यांत आवडता. 'गुड, बॅड'पेक्षाही. भांडा खुशाल. ह्याचं कारण कारागिराचं आहे.

गाडीत बसून बायबल वाचतोय. समोरचा सांगतो, ही गाडी टुकुमकारीला थांबत नाही. हा उठून साखळी ओढतो आणि उतरतो. आपलं काम तिथं आहे तर गाडी तिथं थांबणार. मग ज्याच्यावर इनाम आहे तो माणूस हॉटेलातून पळतो, रस्त्यावरून घोड्याकडं धावतो. दुसरा कुणी असता तर मागं पळत सुटला असता. हा आपल्या घोड्यापाशी जातो आणि खोगिराला बांधलेली एक गुंडाळी सोडतो. ती उलगडत खाली येते, आणि आत ओळीनं बंदुका. लांब, आखूड, दुनळी, प्रत्येक आपल्या खणात. मी थिएटरात ओरडलोच. कारण आमच्या फिटरकडं पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी असायची ती अशीच. एकोणीस-बावीस, चोवीस-सत्तावीस, प्रत्येकाला खण, आणि दुसऱ्यानं हात लावला तर शिवी.

तर मॉर्टिमर त्यातलं एक हत्यार निवडतो. समोरचा ह्याच्यावर गोळ्या झाडतोय, पण त्या अलीकडंच मातीत पडताहेत. हा बघतो, त्या कुठं पडताहेत. ह्याला त्याच्या पिस्तुलाचा पल्ला कळलाय. आपल्या लांब नळीच्या पिस्तुलाला सावकाश दस्ता जोडतो, खांद्याला लावतो, नेम धरतो, एकच गोळी. घाई नाही. गेज लावून बघितलेला जॉब मशीनवर चढवावा तशी गोष्ट.

तोच खेळ पुढं रात्री ईस्टवुडबरोबर. ईस्टवुड ह्याची टोपी गोळीनं उडवतो. हा उचलायला जातो, तो परत उडवतो. पुन्हा, पुन्हा. हा वाकतो, चालतो, वाकतो, चालतो, चेहऱ्यावर काही नाही. आणि एका जागी गोळी पोचत नाही. झालं, पल्ला मोजला. आता हा वळतो, ईस्टवुडची टोपी उडवतो आणि ती खाली येऊच देत नाही, हवेतल्या हवेत नाचवतो. लाकडी फळ्यांखाली बसलेली पोरं हे सगळं बघताहेत. आम्ही पोरंच होतो. आम्हीही खालीच बसलो होतो, पुढच्या रांगेत, मान वर करून.

त्या सिनेमात एक घड्याळ आहे. उघडलं की गाणं वाजतं, गाणं संपलं की गोळी. तसंच घड्याळ मॉर्टिमरकडंही आहे, आत त्याच्या बहिणीचा फोटो. म्हणजे इनामाच्या पैशासाठी चाललंय असं आपल्याला वाटतं तो माणूस मुळात बहिणीसाठी आलेला असतो. शेवटी सगळे पैसे ईस्टवुडला सोडून तो निघून जातो. व्हॅन क्लीफ तेव्हा अवघा चाळीस वर्षांचा होता, दिसत होता पन्नाशीचा. त्या चेहऱ्यावर वय आधी आलं होतं आणि मग तिथंच थांबलं.

हे सगळं स्पेनमध्ये चित्रित झालं, अल्मेरियाजवळच्या वाळवंटात. उभं केलेलं ते गाव अजून आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. सेटवर इटालियन नट इटालियन बोलायचे, अमेरिकन इंग्रजी, स्पॅनिश स्पॅनिश. आवाज नंतर भरायचे. इटलीतल्या प्रेक्षकांनी व्हॅन क्लीफला ऐकलं ते एमिलिओ चिगोली नावाच्या नटाच्या आवाजात. म्हणजे तिथंही त्याचा चेहराच काय तो अस्सल. कोल्हापुरात आम्हाला भाषा कळत नव्हती आणि रोममध्ये आवाज त्याचा नव्हता, तरी काम दोन्हीकडं चाललं.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, लिओनेनं त्याला परत बोलावलं ते 'बॅड' म्हणून. आधीच्यात दुःख पोटात ठेवून फिरणारा भाऊ, आणि ह्यात ती जेवणारी घार. दोन्ही चेहरे एकच, मिशीसुद्धा तीच. ह्याला नट म्हणायचं.

ह्यात एका बाईला मारहाण करायचा प्रसंग आहे. ती थप्पड मारायला त्यानं नकार दिला असं सांगतात. बाईवर हात उचलणं सिनेमातही नको, हे त्याचं तत्त्व. शेवटी तेवढ्यापुरता दुसरा माणूस वापरला. हे वाचल्यावर मला निळूभाऊ आठवले. निळू फुले पडद्यावर आले की आमच्या गल्लीतल्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या, आणि हा माणूस मुळात सेवादलातला, साधा, मऊ. आमच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असेल, पण मी त्याला घरात घेणार नाही.

आता शेवटचा प्रसंग. स्पेनच्या उत्तरेला बुर्गोसजवळ, डोंगरांच्या मधे, लिओनेनं आख्खं कबरस्तान बांधून घेतलं होतं, सैनिकांच्या हातून. मधे गोल फरसबंदी अंगण, भोवती हजारो कबरींची वर्तुळं. (ते पुढं गवताखाली गडप झालं. २०१५पासून तिथल्या पिक्चरवेड्यांनी फावडी घेऊन ते उकरून काढलं. खोट्या कबरी खऱ्या खोदणारी माणसं! जग चांगलं आहे.) त्या अंगणात तिघं तीन टोकांना उभे राहतात. एन्निओ मोरिकोनेचं संगीत चढत जातं. लांबून, जवळून, आणखी जवळून. डोळे. पिस्तुलं. हात.

तो प्रसंग मी मॅटिनीला बघितला, नंतर मंडळाच्या व्हिडिओवर बघितला, मग टीव्हीवर कितीदा. आणि काही वर्षांपूर्वी मुलानं मोठा टीव्ही आणला त्या दिवशी परत लावला. ही शेंगा फोडत बसली होती. संगीत चढलं. व्हॅन क्लीफचा हात पिस्तुलाकडं सरकतोय, इंच इंच, आणि कॅमेरा त्या हातावर गेला. मी म्हटलं, थांब. मागं घे. परत लाव. थांबव.

मधल्या बोटाला टोक नव्हतं.

भिंतीएवढ्या टीव्हीवर, स्वच्छ. मधेच तुटलेलं, गोल भरून आलेलं, माझ्यासारखंच. आधीच्या सगळ्या वेळी पावसात आणि घाईत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बोट गेल्यावर तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या हातांकडं बघत आलोय, बसमध्ये दांडा धरलेल्या हातांत कुणाचं काय कमी आहे ते मला पहिल्या नजरेत दिसतं, आणि हे दिसलं नव्हतं. लिओनेला ते लपवणं काय अवघड होतं? दुसऱ्या कुणाचा हात दाखवायचा. थप्पडीला दुसरा माणूस मिळाला, तर बोटाला मिळाला नसता? पण त्यानं कॅमेरा नेमका तिथं नेला आणि तिथंच ठेवला.

मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं बोट. मी काहीच बोललो नाही. ही चष्मा वर करून नीट बघून म्हणाली, "ह्यानं कुठल्या प्रेसवर काम केलं हो?"

त्या रात्री मग मी ह्या माणसाची सगळी माहिती धुंडाळली. नाक, गुडघा, खेळघर, हे सगळं तेव्हा कळलं. मुलानं वाचून दाखवलं, मी वहीत लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात. १९६७ साली लिओनेचे तिन्ही सिनेमे अमेरिकेत लागले आणि ज्या हॉलिवूडनं त्याला चित्रं विकायला लावली तिथंच तो नाव होऊन परतला. पण कामाचा मुख्य रतीब युरोपातच: 'द बिग गनडाउन', 'डेथ राइड्स अ हॉर्स', 'डे ऑफ अँगर', मग 'सबाटा'. ह्यातले पहिले तीन शोधून बघा. 'सबाटा' पोरांसाठी ठीक. त्यात त्याच्याकडं अशी पिस्तूल आहे की मुठीतूनही गोळ्या सुटतात, आमच्या टूलरूममध्ये असला नमुना कुणी आणला असता तर हाकलला असता. सत्तरच्या दशकात घोड्यांचे पिक्चरच संपत आले. १९८१च्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'मध्ये तो पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी आहे आणि समोर कर्ट रसेल हुबेहूब ईस्टवुडच्या घोगऱ्या आवाजात बोलतो. ज्यांनी जुनं बघितलंय त्यांच्यासाठी ती मेजवानीच. १९८४ साली टीव्हीवर तो निंजा झाला. एकोणसाठाव्या वर्षी, गुडघा गेलेला माणूस, निंजा! उड्या अर्थात दुसऱ्यानं मारल्या. मालिका तेरा भागांत बंद पडली. ती मी बघितली नाही आणि बघणारही नाही.

१६ डिसेंबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला हृदयविकारानं गेला. चौसष्ट वर्षांचा होता. लॉस एंजेलिसला त्याची कबर आहे, त्यावर कोरलंय: 'बेस्ट ऑफ द बॅड'. वाइटांतला सगळ्यांत चांगला.

माझं म्हणाल तर मधे आधार कार्डाच्या वेळी परीक्षा झाली. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, काका, तर्जनी नीट टेकवा. म्हटलं, टेकवलीय, आहे तेवढी. तो गोंधळला, आत साहेबांना विचारून आला. रांगेतले सगळे माझ्या हाताकडं बघत होते. पूर्वीचा मी असतो तर हात खिशात घालून घरी आलो असतो. मी तो काउंटरवर तसाच ठेवला आणि डोळे बारीक करून पोराकडं बघितलं. उपयोग झाला नाही, त्यानं चहा मागवला आणि मला बसायला सांगितलं.

यंदा मे महिन्यात नात आली होती पुण्याहून. तिला भातुकलीचं घर हवं होतं, आत बसता येईल एवढं. प्लायवूड आणलं, कटर आणला. ही म्हणाली, काही नको, सुताराला सांगा. मी ऐकलं नाही. दोन दारं, एक खिडकी, वर उतरतं छप्पर, आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी ही चहा घेऊन यायची, कप हातात द्यायच्या आधी माझे दोन्ही हात पुढं करायला लावायची आणि नातीच्या देखत मोठ्यानं मोजायची. साडेनऊ भरली की मग चहा.